सैल केलं तरी, घट्ट केलं तरी

मास्तरांचं शिलाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, आणि बिऱ्हाड दुकानाच्याच पाठीमागे. मास्तर कापणार, शिवणार. बायको काज-बटणं करणार. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. वहिनी अंगाने चांगल्या भरलेल्या, आणि हसायला लागल्या की हातातली सुई बाजूला ठेवावी लागायची. पण एका रविवारी मास्तरांची धाकटी बहीण आली आणि दारातच म्हणाली, "अगबाई वहिनी, दुकान वाढवताय की स्वतःला?" झालं! जिभेला हाड नसलं की असंच होतं. वहिनींनी त्या दिवसापासून ताटाशी वैर धरलं.

सल्ले काय, फुकटच. शेजारीण म्हणाली, सकाळी नुसतं गरम पाणी प्या. तिची सून म्हणाली, रात्रीचं जेवण बंद करा. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, रात्रीचं चालू ठेवा, सकाळचं बंद करा. कुणी म्हणे साखर विष, कुणी म्हणे मीठ विष, आणि एक जण म्हणे काळजीनंच माणूस फुगतं, तेव्हा काळजी करू नका, पण वजनाकडे लक्ष असू द्या हं! वहिनी भिडस्त. त्यांनी सगळ्यांचंच ऐकलं. सगळ्यांचं ऐकल्यावर ताटात उरली काय, तर काकडी.

मास्तरांचा जीव तुटायचा. काही बोलायला गेले की, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" शेवटी त्यांनी आपल्या परीने उपाय काढला. चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो, पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून. वहिनी बाजारात गेलेल्या बघून मास्तरांनी त्यांचे सगळे झगे काढले, दोन्ही कुशींच्या शिवणी उसवल्या, दोन-दोन बोटं सैल करून पुन्हा टीप मारली. कपडे सैल झाले की बाई खूश होईल, आणि खूश झाली की जेवेल, असा त्यांचा साधा विचार.

वहिनी खूश झाल्याच. आरशासमोर गिरकी घेतली, "अहो, लागू पडतंय की!" म्हणाल्या, आणि दुपारचंही जेवण सोडलं.

आता आली का पंचाईत! करायला गेले एक अन् झालं भलतंच. मास्तरांनी डोकं खाजवलं. सैल करून बिघडलं ना, मग घट्ट करू. उपाशी राहून काही उपयोग नाही असं दिसलं की कंटाळेल आणि मुकाट्याने जेवायला बसेल. पुन्हा झगे काढले आणि या खेपेला चांगले आत घेतले. वहिनींनी एक अंगात घातला, तो छातीशी अडकला, आणि त्या रडायलाच बसल्या. "मेलं पाणीसुद्धा अंगी लागतंय माझ्या!" मग काकडीही गेली.

सैल केलं तरी उपास, घट्ट केलं तरी उपास. मास्तरांची मती गुंग झाली. गिऱ्हाइकाच्या पॅन्टला तिसरा पाय जोडायचा तेवढा बाकी राहिला होता. बायको खरोखर किती वाळली, हेही त्यांना कळेना. त्यांना सवय माणूस कपड्यावरून जोखायची, आणि कपडे तर त्यांनीच बिघडवलेले.

एका दुपारी काज करता करता वहिनी स्टुलावरून कलंडल्या. मास्तर धावले, उचललं, आणि चरकले. हाताला नुसती हाडं लागत होती. त्यांनी तिला आत नेऊन निजवलं, तोंडावर पाणी मारलं, वाटीत दूध-पाव कुस्करून आणला आणि ती शुद्धीवर येताच सगळं सांगून टाकलं. कुशी उसवल्या, आत घेतल्या, सगळं.

वहिनींनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी बारीक झाले की जाड?"

"बारीक. नको तेवढी बारीक!"

वहिनींचा चेहरा उजळला. मास्तरांना वाटलं, अरे देवा, खरं सांगितलं तेही चुकलं की काय?

"हसू नकोस गं," ते काकुळतीला आले. "मला भीती वाटते. तुला काही झालं तर मी काय करू? होतीस तशीच आवडायचीस तू मला."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "इतक्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? दिसत नाही का?"

"कसं दिसणार? तुमची बहीण बोलून गेली तेव्हा तुम्ही मान खाली घालून मशीन मारत होता. मला वाटलं, तुमच्याही मनात तेच आहे. घरातले सगळे झगे उसवलेत, पण एवढं एक वाक्य तुमच्या तोंडातून निघालं नाही."

वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मास्तरांनी वाटी खाली ठेवली. मग पाठमोऱ्या बायकोला पुन्हा म्हणाले, "होतीस तशीच आवडायचीस. खरंच सांगतो."

"आणि आता?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. हो म्हणावं तर ही अशीच राहील, नाही म्हणावं तर खचून उपाशीच मरेल. "आधी दोन घास खा," म्हणत त्यांनी वाटी पुन्हा उचलली.