मालनबाईंची अलका

“मॅडम, ती माझ्याकडं राहील,” मालनबाई म्हणाल्या.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. वैशाली मॅडमच्या हातात फोन तसाच होता. जर्मनीहून डिसेंबरपर्यंतच्या एका सत्रासाठी शिकायला येणारी मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर उतरणार होती, आणि घोडबंदर रोडवरच्या ज्या घरी तिची सोय केली होती, तिथल्या आजोबांना अचानक दवाखान्यात हलवावं लागलं होतं.

“अहो, पण तुमच्याकडे...”

“दोन खोल्या आहेत. आमचा पोरगा प्रीतम नोकरीला पुण्याला गेल्यापासून आतली रिकामीच आहे. पोरगी उपाशी नाय राहणार, एवढं सांगते.”

मालनबाई कांबळे डोंबिवलीच्या त्या कॉलेजात सव्वीस वर्षं परिचर होत्या. काचसामान धुवायचं, बाटल्या भरायच्या, घंटा झाली की टेबलं पुसायची. आपण असं कसं बोलून गेलो, ते त्यांना संध्याकाळी नवऱ्यालाही नीट सांगता येईना. उत्तम मानपाड्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता. “अगं, तिच्याशी बोलायचं कसं?” एवढंच तो म्हणाला, आणि स्टुलावर चढून आतल्या खोलीतला पंखा पुसायला लागला.

मुलीचं नाव एल्के. वय वीस. ठाकुर्लीच्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत बॅग चढवताना तिचा चेहरा लालबुंद झाला. शेजारची शकू दारात उभीच होती. “काय नाव म्हणालीस? अलका?” तिने विचारलं, आणि तेव्हापासून मुलगी सगळ्या मजल्याची अलका झाली.

पहिला आठवडा वाईट गेला. अलका दोन घास खायची आणि “थँक्यू” म्हणून ताट बाजूला सारायची. बादलीतल्या पाण्याने अंघोळ करून आली की केसांत साबण तसाच राहिलेला असायचा. बॅग तिने अजून रिकामी केली नव्हती. लागेल तेवढा कपडा काढायचा आणि चेन परत लावायची. मालनबाईंना ते दिसत होतं.

शनिवारी दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. अगदी दाबून धरलेला. मालनबाई दाराशी थांबल्या. एकोणिसाव्या वर्षी त्या साताऱ्याकडून लग्न होऊन इथे आल्या होत्या, तेव्हा नळावरच्या बायका त्यांच्या बोलण्याला हसल्या होत्या. पुढे महिनाभर त्यांनी बाहेर तोंड म्हणून उघडलं नव्हतं. माहेर तर एका एस.टी.च्या अंतरावर होतं. हिचं कुठल्या कुठे.

त्या मेथीची जुडी घेऊन आत गेल्या, कॉटजवळ खाली बसल्या आणि निवडायला लागल्या. काही विचारलं नाही. निवडता निवडता आपल्या त्या महिन्याची गोष्ट मात्र सांगत राहिल्या, सरळ मराठीत. अलकाला त्यातलं अक्षरही कळलं नसेल. थोड्या वेळाने ती खाली येऊन बसली आणि तिनेही चार काड्या घेतल्या. पानं कचऱ्यात आणि देठ ताटात.

“अगं बाई, उलटं!” मालनबाई म्हणाल्या आणि हसल्या. अलका ओल्या डोळ्यांनी ताटाकडे बघत राहिली, मग तीही हसली.

सोमवारी प्रयोगशाळेत अलकाचा प्रयोग काही जमेना. नळ असलेल्या काचेच्या ब्युरेटमधून थेंब सोडत राहायचं आणि शंकुपात्रातलं द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं, पण तिचं दर वेळी गडद होऊन बसायचं. तीनदा ओतून दिलं. चौथ्यांदा तिने ब्युरेट हातात घेतली, तेव्हा मालनबाई मागून आल्या.

“ही नको. हिचा नळ ढिला आहे.” त्यांनी कपाटातून दुसरी काढली, नळाला किंचित व्हॅसलिन लावलं, भरून दिली आणि शेजारी उभ्या राहिल्या. “हळू... एक थेंब. अजून एक थेंब. थांब!”

पात्रात गुलाबाच्या पाकळीच्या आतल्या बाजूसारखा रंग आला आणि टिकला. अलकाने आकडा वाचला, वहीत लिहिला आणि मालनबाईंकडे बघितलं. “थेंब,” ती स्वतःशीच म्हणाली. मग स्टूल ओढून दिलं, “बसा” म्हणाली. या टेबलाशी मालनबाईंना आजवर कुणी बसायला सांगितलं नव्हतं. त्या बसल्या नाहीत, पण पुढचे दोन प्रयोग होईपर्यंत तिथून हलल्याही नाहीत.

त्या दिवसापासून घरात एक थेंब आमटी, एक थेंब तूप असं सुरू झालं. उत्तमला तिची फार मजा वाटायची. तो मुद्दाम पातेलं घेऊन उभा राही आणि ती “थांब!” म्हणून ओरडेपर्यंत वाढत सुटे.

पंधराव्या दिवशी, रविवारी, वैशाली मॅडम गाडी घेऊन आल्या. घोडबंदरचे आजोबा बरे होऊन घरी परतले होते. मुलीसाठी स्वतंत्र खोली होती, एसी होता, खाली पोहण्याचा तलावही होता.

“जाऊ दे तिला, मॅडम,” चहा देता देता मालनबाई म्हणाल्या. “चांगलं होईल तिचं.” चहा सगळ्यांना पुरला होता, तरी त्या परत ओट्याकडे वळल्या.

अलका बराच वेळ इंग्रजीत बोलत होती. मॅडम मध्येच काही विचारत होत्या. शेवटी ती थांबली आणि मराठीत, शब्द वेगवेगळे ठेवून म्हणाली, “मी नाही जाते.”

“काय म्हणाली हो एवढं?” मालनबाईंनी न वळता विचारलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. “म्हणते, हात कसा स्थिर ठेवायचा ते तुम्ही तिला शिकवलंत. अजून बरंच शिकायचं राहिलंय म्हणते.” मग त्या म्हणाल्या, “मालनताई, सव्वीस वर्षांत आम्हाला कधी सुचलं नाही, तुमच्याकडून शिकायचं.”

मालनबाईंनी ओटा पुसून काढला. मॅडम गेल्यावर त्या चपला घालून खाली उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत गेल्या.

“संदेश, उद्यापासून अर्धा लिटर जास्तीचं टाक रे. डिसेंबरपर्यंत.”

“आणि डिसेंबरनंतर काकी?” पिशवी भरता भरता संदेशने विचारलं.

मालनबाईंनी वर आपल्या गॅलरीकडे पाहिलं. अलका दोरीवर उत्तमचा शर्ट वाळत घालत होती, उलटा, बाह्यांना चिमटे लावून.

“तेव्हाचं तेव्हा बघू,” त्या म्हणाल्या.