नैऋत्येचे दोन मजले

त्या घराचा नकाशा मी छकुलीला मांडीवर घेऊन काढला. ती तेव्हा चार महिन्यांची. धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा केला, लगेच लग्न झालं आणि दोन वर्षं हाती पेन्सिल आली नव्हती. म्हणून लीलाधरभाऊ, माझे थोरले दीर, "घरात इंजिनेरीण शे, बाहेर कशाला जायचं?" म्हणाले, तेव्हा मी तव्यावरची पोळी तशीच टाकून उठले.

भाऊंचा प्लॉट जळगावात. घर दोन मजली, फक्त नैऋत्येचा कोपरा चार मजली. "ती बाजू सगळ्यात उंच पाहिजे," भाऊ म्हणाले. वास्तू बघणाऱ्याने तसंच सांगितलं होतं.

मला कळत होतं. भूकंपात उंच भाग एका चालीने डोलतो, बुटका दुसऱ्या. जिथे ते जोडलेले, तिथेच फाटतं. त्यात वरचा भार एकाच कोपऱ्यात, म्हणजे घर पीळ खाणार. दोन्ही भागांचे खांब पायापासून वेगळे घेऊन मध्ये फट सोडायची, एवढंच करायचं होतं. पण खांब वाढले की भाऊ कुरकुरणार, काम दुसऱ्याकडे जाणार. आपल्याकडे कुठला आलाय भूकंप, असं मनाशी म्हणत मी छकुलीच्या मुठीतून पट्टी सोडवली आणि फट न सोडताच रेघ ओढली.

घर उभं राहिलं, भाऊ राहायला गेले आणि त्र्याण्णवला किल्लारीचा भूकंप झाला. फोटो बघून मी पेपर पालथा घातला. भाऊंची मुलं चौथ्या मजल्यावर झोपायची.

दुपारीच छकुलीला कडेवर घेऊन भाऊंकडे गेले. सगळं सांगितलं.

भाऊ हसले. "अगं, ती दगडमातीची घरं. आपलं लोखंड-सिमेंट शे."

"लोखंड आहे, पण जोड चुकलाय, भाऊ. मला माहीत होतं."

"तेव्हाच?"

"हो."

सुनंदाअक्का, माझी जाऊ, चहा गाळता गाळता थांबली.

"तेव्हा मी ऐकलंही नसतं," भाऊ म्हणाले. माझं मन राखायलाच म्हणाले. पण ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं होतं. मी ठरवूच दिलं नाही.

"आता फट पाडता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही. वरचे दोन मजले उतरवावे लागतील."

अक्का जिना चढली आणि मुलांच्या गाद्या खाली आणू लागली.

"त्या कोपऱ्याखाली नको, पुढच्या खोलीत घाला," मी म्हणाले आणि हात लावायला गेले.

"राहू दे," अक्का म्हणाली. "तुझं सांगून झालं ना?"