मी उसना गेलो त्या दिवशी

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर सात नावे लिहिली गेली आणि त्यांतली सहा खोडली गेली. मी एक जुने लाल कुलूप आहे. तुमच्या मुठीत सहज मावेन. शाळा संपवून तुम्ही आजच या साबणाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून आला आहात, नव्या कडक गणवेशात बाकांवर अवघडून बसला आहात, आणि मास्तर यायला अजून थोडा वेळ आहे. तेवढ्यात माझी हकीकत ऐकून घ्या. स्वभावाने मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कुलपांच्याच कारखान्यात झाला. पितळेचे पोट, पोलादी कडी आणि वर लाल रंग. एका खोक्यात आम्ही बारा भावंडे होतो. प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि तीही एकच. एका भावाला तिजोरीवर बसायचे होते, दुसऱ्याला मोठ्या दुकानाच्या दारावर. मला आपले वाटे, एखाद्या शांत घराचे मागचे दार मिळाले तरी पुष्कळ झाले. मिळाला मात्र हा कारखाना. भिंती थरथरताहेत, सगळीकडे साबणाची भुकटी उडते आहे आणि माणसे एकमेकांशी ओरडूनच बोलताहेत. पहिल्या दिवशी मला तर धडकीच भरली.

इथे चोरांसाठी मला कोणी आणले नव्हते. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला कधी कधी यंत्राच्या पोटात शिरावे लागते. तो आत असताना बाहेरून कोणी बटण दाबले तर? म्हणून आत जाण्याआधी यंत्राचा मुख्य खटका बंद करायचा, त्यावर आपले स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचे कुलूप, त्यानेच काढायचे. आणखी एक रीत या कारखान्याने पाडलेली आहे. कुलूप लावताना सर्वांना ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणायचे, "मी आत!" काढताना म्हणायचे, "मी बाहेर!" नवी मुले हे म्हणताना लाजतात, हसतात. हसू देत. पण म्हणतात.

माझा पहिला मालक मला दर आठवड्याला पुसायचा. दुसऱ्याच्या काळात सुरक्षेच्या तक्त्यावर माझा फोटो लागला होता, आणि खोटे कशाला बोलू, मी महिनाभर फुगून होतो. तिसऱ्याने मला जेवणाच्या डब्यांच्या कपाटाला लावले. माणसांचे जीव राखणारा मी, एका लोणच्याच्या बाटलीवर पहारा देत बसलो! पुढे आणखी तीन हात बदलले आणि मग चार वर्षे एका खणात, वाळलेली पेने आणि सुटे वायसर यांच्यात पडून राहिलो. कडीला गंज चढला. आता आपल्याला कोणी विचारत नाही, असे वाटून मी मनातून पार खचलो होतो.

मग ती आली. बारावी संपवून थेट आलेली. खांद्याला शाळेचेच दप्तर होते, म्हणून पहिल्याच दिवशी तिचे नाव 'शाळा' पडले. "ए शाळा, ग्रीस आण." "ए शाळा, पाना धर." तिने खण उचकटून मला शोधून काढले, रॉकेलमध्ये बुडवले, घासले, तेल पाजले आणि सुबक अक्षरांत स्वतःचे नाव माझ्यावर लिहिले. ते सातवे. रोज सकाळी किल्लीच्या भोकात तेलाचा एक थेंब ती न चुकता घालायची.

तिच्या घरचे मला तिच्या बोलण्यातून कळले होते. आधी दोन भाऊ कामाला लागले आणि वरिष्ठांशी भांडून घरी बसले. त्यामुळे आई डब्याबरोबर रोज एक वाक्य बांधून द्यायची, "हे बघ, कुणाला उलट बोलू नकोस." सहा महिन्यांची परीक्षा-मुदत संपत आली होती. तिला पुढे ठेवायचे की नाही, याचा शेरा शिफ्टसाहेब त्याच आठवड्यात लिहिणार होते. त्यामुळे तिचा जीव सतत टांगणीला लागलेला. मी तर कायमचाच टांगलेला, तेव्हा आमचे बरे जमायचे.

त्या दिवशी दुपारी 'रांजण' बंद होता. रांजण म्हणजे आपले ते साबण घुसळायचे मोठे यंत्र. दोन माणसे उभी राहतील एवढे त्याचे पोट आहे आणि आत माणसाच्या हाताएवढी पोलादी पाती फिरतात. वर चढायला शिडी, शिडीच्या टोकाला झाकण. झाकण उघडे असले की यंत्र चालूच होऊ न देणारी एक कळ असते, ती नेमकी बिघडली म्हणून काढून नेली होती. एका पात्याचे बोल्ट ढिले झाले होते, ते आवळायला फिटरकाका आले. बावीस वर्षांचा अनुभव, हात सोन्याचा. खटक्यापाशी येऊन त्यांनी खिसे चाचपले आणि कपाळावर हात मारला.

"शाळा, तुझं कुलूप दे गं जरा. माझं घरी राहिलं, कालच्या पँटच्या खिशात."

"काका, मास्तर म्हणालेत, कुलूप कुणाला द्यायचं नाही."

"तुझ्या मास्तराला पाना धरायला मी शिकवलंय. पाच मिनिटांचं काम आहे. दे."

ती घुटमळली. उलट बोलू नकोस, हे तिच्या कानात वाजत असणार. तिने मला खटक्यावर अडकवले, दाबले आणि बारीक आवाजात म्हणाली, "मी आत." आणि बाहेरच उभी राहिली. आत गेले काका. किल्लीही त्यांनीच नेली.

मित्रांनो, विचार करा. माझ्या अंगावर नाव एकाचे आणि माझ्या भरवशावर आत दुसराच! असे आयुष्यात कधी झाले नव्हते.

पाच मिनिटांचे काम पाऊण तास चालले. मग काका घाम पुसत उतरले. शाळाच्या हातात किल्ली देऊन म्हणाले, "झालं गं. काढून टाक कुलूप." आणि कॅन्टीनकडे गेले. मी हुश्श केले. ती माझ्याकडे यायला वळली, इतक्यात मास्तरांची हाक आली, "शाळा, तुझी कामाची वही घेऊन ये. आत्ता." ती वहीकडे पळाली. मी खटक्यावर तसाच राहिलो.

दहा मिनिटे गेली असतील. पाहतो तर काका लगबगीने परत येताहेत. "तेरा नंबरचा पाना आतच राहिला बघ," असे स्वतःशीच पुटपुटत होते. पाना आत राहिला आणि यंत्र सुरू झाले, तर पाती मोडणार. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. "कुलूप आहेच," म्हणाले, मला थोपटले आणि शिडी चढून रांजणात उतरले.

कुलूप होते, हो. पण किल्ली कुठे होती? किल्ली होती शाळाच्या खिशात आणि शाळाच्या मते काका कॅन्टीनमध्ये होते. मला ओरडता आले असते तर मी सारा कारखाना डोक्यावर घेतला असता. पण मी पडलो कुलूप. तोंड मिटून राहणे हेच माझे काम. वर आतून काहीतरी खडखडले, पण शेजारच्या यंत्राच्या धडधडीत ते माझ्याशिवाय कोणालाच ऐकू गेले नाही.

तेवढ्यात शिफ्टसाहेब आले. वरच्या टाकीत साबणाचा गरम लगदा तयार होता. तो वेळेत रांजणात सोडला नाही, तर टाकीतच दगड होऊन बसणार आणि मग तो छिन्नीने फोडायला दोन दिवस जाणार. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मला उलटे करून नाव वाचले.

"शाळा! कुठे आहे ही? शाळा!"

ती धापा टाकत आली.

"हे कुलूप कुणाचं?"

"माझं, साहेब."

"तू तिकडे, कुलूप इकडे. विसरून फिरतेस? काढ आधी. वर सगळा माल घट्ट होतोय."

"हो साहेब, सॉरी साहेब."

तिने किल्ली काढली. भुकटीमुळे किल्ली दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती माझ्या पोटात शिरली. माझी तर पाचावर धारण बसली. सगळे बळ एकवटून अडून बसायचे, असे मी ठरवले. गंजके कुलूप असतो तर अडलोही असतो. पण तिनेच त्या सकाळी तेल घातले होते. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. कडी सुटली. आता मला फक्त खटक्यावरून उचलायचे बाकी होते.

"मी बा..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय झालं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, मी आत गेलेच नव्हते."

"मग चांगलंच आहे की! काढ."

"तसं नाही. कुलूप माझं आहे, पण आत काका गेले होते. ते उतरले खरे, पण कुलूप आहेच म्हणून पुन्हा आत गेले असले तर? मी बाहेर आले असं मी कसं म्हणू?"

"अगं बाई, काकांना मी स्वतः कॅन्टीनमध्ये पाहिलं. समोसे खात... जाऊ दे, काय खात होते ते. बाहेर आहेत ते. शब्दांचा कीस पाडत बसू नकोस."

"कधी पाहिलंत?"

"मला उलट प्रश्न?" साहेबांचा आवाज चढला. "तुझा शेरा कुणी लिहायचाय, माहिती आहे ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती खूप घाबरली होती, हे मी सांगतो, कारण तिचा हात माझ्यावर होता. त्याच हाताने तिने माझी कडी पुन्हा खाली दाबली. मी खट्कन मिटलो. तिने किल्ली काढून मुठीत धरली आणि म्हणाली, "साहेब, रागवा. पण काका डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी काढणार नाही." आणि शिडीकडे धावली.

तिने झाकणातून वाकून पाहिले. आत टॉर्चचा उजेड हलत होता. कानांत बोळे घातलेले काका पात्याखाली आडवे होऊन पाना ओढत होते.

"काका!"

दुसऱ्या हाकेला त्यांनी वर पाहिले. "आलो, आलो. सापडला एकदाचा. पात्याच्या फटीत जाऊन बसला होता शहाणा." मग त्यांना तिचा चेहरा दिसला. मग तिच्या मुठीतली किल्ली. ते बाहेर आले, तीन पायऱ्या उतरले आणि शिडीवरच बसले. शिफ्टसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांचेही तोंडचे पाणी पळाले होते.

वरचा माल अर्थातच दगड झाला. तो फोडायला काका दोन दिवस छिन्नी घेऊन बसले, आणि साहेब स्वतः ढेकळे उचलायला आले. चौकशी झाली तेव्हा काका सर्वांसमोर उभे राहून म्हणाले, "कुलूप मी मागितलं. पोर नको म्हणत होती. माझ्या बावीस वर्षांचा मी तिला धाक घातला." शाळा म्हणाली, "पण दिलं मीच." दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. ती दिवसभर रडली आणि घरी काय सांगायचे, याची तालीम करत राहिली. आठवड्याने शेरा आला. शिफ्टसाहेबांनी दोनच शब्द लिहिले होते, "हट्टी आहे." खाली मास्तरांनी लिहून विचारले, ठेवायची का? त्यावर साहेबांनी लिहिले, "म्हणूनच."

माझे काय झाले विचाराल, तर उसन्या गेलेल्या कुलपावर पुन्हा कोणाचा जीव सोपवायचा नाही असे ठरले. माझी कडी कापली आणि मला या खोलीतल्या खिळ्यावर आणून टांगले. कापताना दुखले. राग मात्र आला नाही, कारण ते बरोबरच होते. शाळाला नवे कुलूप मिळाले. तिचे नाव मात्र माझ्यावरून कोणी खोडले नाही.

तुम्ही मला हातात घेऊन बघाल, तेव्हा कोणीतरी नक्की म्हणेल की या कुलपाने एक माणूस वाचवला. दर वर्षी म्हणतात. मला ते ऐकवत नाही. मित्रांनो, त्या दुपारी मी उघडलो होतो. माणूस आत आहे हे एकट्या मला ठाऊक होते आणि तरीही मी उघडलो, कारण किल्ली माझी होती आणि किल्लीला नाही म्हणणे कुलपाला येत नाही. उद्या तुमच्याकडेही कोणीतरी मोठे, चांगले, तुमच्या आवडीचे माणूस येईल आणि पाच मिनिटांसाठी हात पुढे करेल. तुमच्या खिशातले कुलूप तेव्हा काहीच करू शकणार नाही. नाही म्हणणे तुम्हालाच जमवावे लागेल.