सुऱ्यावरची दैवी रेघ

काउंटीचे आरोग्य अधिकारी साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत होतात. प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्या ब्रदर थर्मन या धर्मोपदेशकाच्या तंबूत मांडीवर टोपी ठेवून सगळ्यांच्या आधी 'आमेन' म्हणत होतात. त्याने इन्सुलिनच्या सुया डब्यात टाकायला सांगितल्या, तेव्हाही तुमचे तोंड आमेनसाठीच उघडले.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगरात वाडीवाडीत लोहाराची भट्टी आणि माणशी एक सुरा. थर्मनने नेमके तेच हेरले. आजाऱ्याने आपला सुरा रात्रभर वेदीवर ठेवायचा. सकाळी ज्याच्या पात्यावर लाटेसारखी रेघ उमटेल, तो बरा झाला.

"देवाने रात्रीत पोलादाला नवं पाणी दिलं," तो गरजायचा, "मग तुझं रक्त कोण लागून गेलंय?"

व्हर्लिन लोहाराच्या सुऱ्यावर रेघ उमटली आणि त्याने सुया टाकल्या. दोन दिवसांत तो ओकू लागला, श्वासाला नासक्या फळांचा वास येऊ लागला. त्याची बायको आयडाबेल फ्रिजमध्ये लोण्यामागे लपवलेली इन्सुलिनची बाटली घेऊन आली. त्याने घडवलेल्या पात्यांना व्हिनेगर चोळून रेघ उठवायचे काम वर्षानुवर्षे तिचेच. पण तो दंड पुढे करीना.

"बाकीचे भोळे असतील. मी लोहार आहे," तो म्हणाला. "पात्याच्या पाठीला माती थापून तापलेलं पोलाद पाणी पाजलं, तरच पाठ मऊ राहते, धार कडक होते आणि मधे रेघ येते. हे पातं मी मातीशिवाय अख्खं पाजलंय. मग रेघ आली कुठून?"

अडाण्याला चमत्काराने गंडवले. ह्याला ह्याच्याच विद्येने.

आयडाबेल वाद घालत बसली नाही. तिने बारीक पॉलिश पेपरने पाते घासले. रेघ गेली. मग रोजच्यासारखे कोमट व्हिनेगर चोळले. पाते एकसारखे राखाडी झाले. पुन्हा चोळले. राखाडीच.

"पोलादात असती तर परत आली असती," ती म्हणाली. "ही वरून काढलेली होती."

मुठीच्या फटीतून तिने नखाने एक गुलाबी खपली काढली.

"देव नेलपॉलिश लावतो वाटतं."

मग तिने दुसऱ्या पात्यावर आपल्या नेलपॉलिशने डुक्कर काढले, पाते आम्लात बुडवले, धुऊन रंग पुसला. झाकलेले पोलाद चमकत राहिले, उघडे काळवंडले. काळ्या पात्यावर लखलखीत डुक्कर.

"घे. ह्यालाही आमेन म्हण."

व्हर्लिन डुकराकडे बघत राहिला. मग त्याने बाही वर केली.

"टोच. आणि गाडी काढ, दवाखान्यात ने मला."

लोकहो, रेघ दिसली की हात जोडण्याआधी घासून बघा. खरी असेल तर परत येईल; खऱ्याला घासण्याचे भय नसते.

आणि साहेब, त्या डब्यात व्हर्लिनच्या एकट्याच्या सुया नव्हत्या. वेदीवर तुमचाही सुरा होता, त्यावरही रेघ आली. तुम्ही तो घासून पाहिलात का? हो की नाही, एवढेच सांगा.