बिनआवाजाची गाडी

मल्लिनाथाला कुणाला नाही म्हणता येत नाही, ही कमलम्माची जुनी तक्रार. पण लातूरच्या शोरूममध्ये त्या दिवशी त्याने हद्दच केली. टाय लावलेला पोरगा जे सांगेल त्याला हा मान डोलवत होता. वरचं छप्पर काचेचं आहे सर. हो. सीटमधून गार वारा येतो सर. हो. पेट्रोल पंपाचं तोंड बघायला नको सर. हो, हो. काचेच्या छपरातून काय दिसणार, आपल्या निलंग्याचं ऊन? असं कमलम्माच्या अगदी ओठावर आलं होतं, पण परक्याच्या दारात पोटच्या पोराला झापायचं नाही म्हणून तिने पदर तोंडाशी धरला आणि त्या गुळगुळीत फरशीवर इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिली.

दुकानात तरी काय वेगळं होतं? सरकी पेंडीचं दुकान गुरुबसप्पाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचं. उधारी मागणाऱ्याला मल्लिनाथ हो म्हणायचा आणि वसुलीला गेला की त्याच्याच घरचा चहा पिऊन हात हलवत परत यायचा. म्हणून नवरा गेल्यावरही गल्ल्यावर कमलम्माच बसायची. शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण तिच्यापुढे सुट्ट्या पैशांची चालबाजी करायची कुणाची छाती नव्हती.

नव्या गाडीचा आकडा चौदा लाखांच्या पुढे गेला. मल्लिनाथ घरी येऊन मोबाइलवर बोटं चालवत बसला. हप्ता, विमा, घरी चार्जिंग करायचं तर वेगळी अर्थिंग, मीटरचा लोड वाढवून घ्यायचा. दुसऱ्या बाजूला डिझेलचा खर्च. विजेवर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो अव्वा, असं तो आईला सांगायचा आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणायचा, पण हप्ता झेपत न्हाई.

कमलम्माचा हिशोब वेगळा होता. सून मंजुषा लातूरला डोळ्यांच्या एका दवाखान्यात नर्स होती. ऑपरेशनच्या खोलीत दिवसभर उभं राहायचं काम. अंधार असतानाच उठायची, स्वयंपाक करून पहिली एसटी धरायची आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीने लोंबकळत यायची. असं किती दिवस चालणार? आज ना उद्या ही दोघं लातूरला खोली करणार, हे कमलम्माला न सांगता कळत होतं. शेजारच्या नागुबाईचा पोरगाही थोडे दिवस म्हणूनच गेला होता. आता नागुबाई टीव्ही मोठ्याने लावून जेवते आणि त्या मालिकेतली भांडणं भिंतीपलीकडून कमलम्माच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. दारात गाडी आली तर सून तासाभरात जाईल, तासाभरात येईल. घर एका जागी राहील. म्हणून तर तिने हातातल्या पाटल्या काढून मल्लिनाथापुढे ठेवल्या आणि मोड म्हणाली. त्यालाही तो हो म्हणाला.

मग उदगीरच्या पाहुण्यांकडून कळलं, की त्यांच्या नात्यातला वीरेश म्हणून एक बांधकामाचा गुत्तेदार नांदेडला आपली इलेक्ट्रिक गाडी विकतो आहे. चार वर्षं वापरलेली, पण किंमत नवीच्या जवळजवळ निम्मी. रविवारी तिघं निघाले.

निघाले ते गुरुबसप्पाच्या जुन्या डिझेल जीपमधून. पेंडीची पोती वाहून वाहून तिचे सांधे खिळखिळे झालेले, आणि इंजिनाचा आवाज असा की मागे बसणाऱ्याला स्वतःचा खोकलाही ऐकू येऊ नये. कमलम्मा कायम मागे बसायची. पुढे नवराबायको डोकी जवळ आणून बोलत राहायची. हिला नुसती हलणारी तोंडं दिसायची. काय बोलायले म्हणून विचारलं, की मंजुषा वळून ओरडायची, रस्त्याचं आत्या, रस्त्याचं. एवढं रस्त्याबद्दल काय बोलण्यासारखं असतं, हे कमलम्माला कधी कळलं नाही.

अहमदपूर मागे पडलं तरी तिचा जीव जागेवर नव्हता. ती या खिडकीपासून त्या खिडकीपाशी सरकली, परत आली. काच उघडली, धूळ आली म्हणून लावली. तो आठ लाख म्हणाला तर आपण सहापासून सुरू करायचं, चहा आला की तोंड वाकडं करायचं, उठायचं, चपला घालायच्या आणि मग साडेसातला थांबायचं. मनातल्या मनात तिचा सौदा चार वेळा ठरला आणि मोडला. धास्ती एकच होती, की तिने तोंड उघडण्याआधी मल्लिनाथ हो म्हणेल.

तसंच झालं. वीरेशचं घर नांदेडात मालेगाव रोडला. माणूस सरळ होता. पोर्चमध्ये पांढरी गाडी धुऊन उभी केलेली. मावशी, मावशी करत त्याने खुर्ची दिली आणि विचारायच्या आधीच खोटही सांगितली. नवी होती तेव्हा एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटरला टेकायची, आता अडीचशेच्या आत येते. तुमची लातूरची जा-ये निवांत होईल. कमलम्माने बॅटरीत पाणी किती दिवसांनी घालायचं ते विचारलं. वीरेश हसला नाही, पण त्याच्या बायकोने तोंड फिरवलं.

"मावशी, हिला पाणी लागत न्हाई. इन्व्हर्टरची न्हाई ही."

"मग मेली तर?"

"मेली तर अर्ध्या गाडीचे पैसे गेले समजा. अजून चार वर्षं कंपनीची हमी हाय. त्याच्या पुढं मी जबान देत न्हाई."

किंमत आठ लाख सांगितली. ठीक हाय की, असं मल्लिनाथ म्हणाला. कमलम्माने त्याच्याकडे असं बघितलं की तो पोर्चची फरशी न्याहाळू लागला. आधी चालवून तर बघू दे, म्हणत तिने वेळ मारून नेली. वीरेशला तेवढ्यात फोन आला. त्याने किल्ली मंजुषाच्या हातात दिली. आपलीच माणसं, तुम्हीच फिरवून आणा.

मंजुषा चालवायला बसली, शेजारी मल्लिनाथ, मागे कमलम्मा. दारं लागली. आता चालू कर की पोरी, असं ती म्हणणार, तोच तिला दिसलं की फाटक मागे पडलं आहे आणि रस्ता सरकतो आहे. ना घरघर, ना हादरा. काचा बंद, आत गार. कमरेला खोचलेल्या गल्ल्याच्या किल्ल्या एकमेकींवर वाजल्या तेही तिला ऐकू आलं, आणि चारचौघांत डोक्यावरून पदर घसरल्यासारखं वाटलं. तिने त्या मुठीत दाबून धरल्या.

थोडं पुढे गेल्यावर समोरची दोन डोकी जवळ आली. जीपमध्ये जसं बोलायची तशीच, त्याच सवयीने, मागचं माणूस पोत्यासारखं धरून ती दोघं बोलू लागली.

"कशी वाटायली?" मल्लिनाथने विचारलं.

"गाडीचं काय, चांगली हाय." मंजुषा जरा थांबली. "तुम्ही म्हणले होते, दिवाळी झाली की खोली बघू."

"म्हणलो होतो."

"गाडी घेतल्यावर खोलीचं भाडं निघतंय का?"

"दोन्ही कसं निघंल? गाडी घेतली की खोलीचं सोडायचंच."

"मग तसं सांगा ना. रोज बघू बघू म्हणून कशाला झुलवता?"

"अव्वाला कोण सांगंल? पाटल्या काढून दिल्या तिनं. एवढी खुश कधी बघितली होती का तिला? ती एकटी न्हाई राहू शकत, मंजू. आन् दुकान सोडून दोन खोल्यांत येणारी बी न्हाई."

गाडी एका वळणावर हळू झाली. मंजुषा रस्त्याकडेच बघत होती.

"घ्या मग. मी चालवीन. पण एक सांगते, परवा डॉक्टर मागत होते एक आन् मी हातात दिलं दुसरं. उभ्या उभ्या डोळा लागला होता माझा. पेशंटच्या डोळ्यापाशी होतो आमी." तिचा आवाज तेवढाच होता, रस्त्याचं बोलावं तितका. "मला गाडी नको हो. मला झोप पाहिजी."

मंजुषाने मागचं बघायला आरशात नजर टाकली आणि कमलम्माने झटकन डोळे मिटून घेतले. आयुष्यात कुणापुढे नजर खाली न घालणारी बाई त्या गार गाडीत झोपेचं सोंग घेऊन बसली. मिटल्या डोळ्यांनी तिला सुनेच्या चपलेची हालचाल ऐकू येत होती, मल्लिनाथाचा एक लांब उसासाही. इतकी वर्षं ही दोघं रस्त्याचंच बोलत होती तर.

परत पोर्चमध्ये आल्यावर वीरेशने चहा मागवला. कमलम्मा खुर्चीवर बसली, उठली, गाडीभोवती एक चक्कर मारून पुन्हा बसली. ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं. काय म्हणता मावशी, असं वीरेशने विचारलं; ती बोलली नाही. तिने चहाला तोंडही लावलं नाही. वीरेशला वाटलं, बाई बाजार कोळून प्यालेली आहे. तो आपणच साडेसातवर आला. तरी ती गप्प. मग त्याने बायकोकडे एकदा बघितलं आणि सात म्हणाला. वर घरी चार्जिंग करायचं सामान तसंच देतो, नात्याचा मान म्हणून.

सात. तिने मनातसुद्धा इतकं खाली धरलं नव्हतं. आता एक शब्द बोलायचा, बस. मल्लिनाथ हो म्हणेल. मंजुषा काही म्हणायची नाही, ती चालवेल. रोज संध्याकाळी गाडी दारात लागेल आणि तिन्ही ताटं एका ओळीत बसतील. शब्द दातापर्यंत आला. तिने वर बघितलं. मंजुषा पोर्चच्या खांबाला टेकून उभी होती. हातात बशी, बशीत कप, आणि तेवढ्या दोन क्षणांत तिचे डोळे मिटलेले.

कमलम्माने पदर कमरेला खोचला. "गाडीला नाव ठेवायला जागा न्हाई, वीरेश. तुमच्या बोलण्यात बी खोट न्हाई. पण आमी आज इसाराचे पैसे देत न्हाई. दुसरं गिऱ्हाईक आलं तर देऊन टाका."

मल्लिनाथाने अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला.

परतताना तिने सुनेला मागे बसायला लावलं. सून आढेवेढे घ्यायला लागली तर, माझी कंबर मागं आदळून मोडली म्हणत स्वतः पुढे चढली. त्या जीपमध्ये ती पहिल्यांदाच पुढे बसत होती. मल्लिनाथ स्टिअरिंगवरून दोनदा काहीतरी ओरडला. तिने ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिली. रस्त्याच्या कडेला कापलेल्या सोयाबीनची रानं मोकळी पडली होती.

लोह्याला चहासाठी थांबले. जीप बंद झाली तरी मागून हालचाल नव्हती. मंजुषा सीटवर आडवी होऊन, ओढणी तोंडावर घेऊन झोपली होती. मल्लिनाथ तिला उठवायला वळला तर कमलम्माने त्याचा दंड धरून त्याला हॉटेलाच्या बाकड्यापर्यंत नेलं.

"अव्वा, सातला देत होता तो. गाडी तर तुलाच पाहिजे होती, आन् तूच..."

"खाली बस."

तो बसला. ती उभीच राहिली. गल्ल्यावरून तिचा आवाज पार चौकापर्यंत जायचा. आता मात्र तिने जीपकडे एकदा बघितलं आणि तो निम्म्यावर आणला.

"ऐक, मल्लू. नवी बी नको आन् जुनी बी नको. दवाखान्यातून पायी घरी येता येईल अशी खोली बघ लातूरला, ह्याच महिन्यात बघ. जा-ये करायची तर तू कर एसटीनं, दुकानात तुला बसायचंच काम हाय. मला सांगायचं ते मला सांगितलं न्हाई, तिला सांगायचं ते तिला न्हाई, आन् सगळ्यांना गोड बोलून त्या पोरीला उभ्या उभ्या झोपायची पाळी आणलीस. नरम माणूस म्हणतात तुला लोक. नरम न्हाईस, भित्रा हायस. आता तिला उठवू नको, घर येईपर्यंत झोपू दे. आन् तिकडं गेल्यावर रोज रात्री फोन करून, अव्वा जेवलीस का, म्हणून इचारायचं न्हाई. भूक लागली की जेवते मी."