बेहेरे सरांचा नातू

बेहेरे सरांनी चपला दाराबाहेर काढल्याच नाहीत. आत येऊन कोचापाशी काढल्या आणि आंब्यांची पिशवी टीपॉयवर ठेवली. न उघडताच मला कळलं, डागी आंबे. पेट्या भरून झाल्यावर बागेत उरतात ते.

"पोर झोपलंय ना?"

"अंगात कणकण आहे त्याच्या. दाढा येतायत."

"मी काय विचारलं?"

"झोपलाय."

दीड वर्षाच्या गंधारला मी आतल्या खोलीत, खाली गादी घालून, दोन्ही बाजूंना उशा लावून निजवलं होतं. माझा नवरा विनीत जयगडला, बंदरावर ड्युटीला. घरात तिसरं मोठं माणूस नाही.

सर आमचे भूगोलाचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर. विद्यापीठाने मे महिन्यात प्राध्यापकांसाठी ऑनलाइन कार्यशाळा लावली होती, विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं याची. सरांना ती बढतीसाठी हवी होती, मला जूनपासूनचे तास टिकवायला. पण मे म्हणजे आंबा. त्यामुळे सर पाली गावाकडच्या बागेत आणि त्यांच्या जागी मी. लॅपटॉपवर मी 'आर्या', शेजारी फोनवर पुन्हा मीच, 'डॉ. हरिहर बेहेरे'. बागेत रेंज नाही म्हणून त्यांचा कॅमेरा बंद. चाचण्या आधी त्यांच्या सोडवायच्या, मग माझ्या. त्यांना माझ्यापेक्षा कमी गुण पडलेले खपत नसत.

शेवटच्या दिवशी मात्र प्रत्येकाने कॅमेरा लावून दहा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. तिथे मला सर होता येईना, म्हणून ते स्वतः आले होते. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली चिकाचे डाग पडलेली पँट.

"तो दगडाचा पाठ दे."

"सर, तुमच्यासाठी मी मॉन्सूनचा लिहून ठेवलाय."

"वाचला तो. रटाळ आहे. तू मला तपासायला पाठवलेलास तो दे."

दगडाचा पाठ माझा होता. परातीत जांभ्या दगडाचा तुकडा ठेवायचा, वरून पाणी ओतायचं आणि विचारायचं, एवढा पाऊस पडून आपल्या विहिरी एप्रिलातच का आटतात? मनासारखा तुकडा मिळेपर्यंत गंधारला कडेवर घेऊन मी घरामागच्या कुंपणाचा सगळा दगडी गडगा धुंडाळला होता.

"मग मी काय शिकवू?"

"तू सांग, नेट गेलं. कॅमेरा लागत नाही. होतं असं."

"कॅमेऱ्याशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत, सर."

"नाही तर नाही. शमिकाचं गेल्या तुकडीतच झालंय. दोघींपैकी एकीलाच तास मिळायचेत, अगो. त्यात एवढं काय?"

शमिका त्यांची पुतणी. इतके दिवस त्यांच्या नावाने हजेरी लावताना मी धरून चालले होते, की निदान माझे तास तरी राहतील. मी परात मांडली. पाठाचे कागद हातात घेऊन त्यांच्या फोनशेजारी उभी राहिले. माझ्याच खुर्चीत, माझ्याच निळ्या पडद्यासमोर सर बसले.

"नमस्कार मॅडम. आज रेंज आहे," ते हसून म्हणाले, आणि माझी वाक्यं वाचायला लागले. पाणी ओतलं. तेवढ्यात आत गंधार उठला. आधी कुरकुर, मग भोकाड. सरांनी डोळे वटारले. मी हलण्याआधीच त्यांनी बोलता बोलता टेबलाखालून पाय लांब करून आतलं दार धाडकन लोटलं.

गंधार चौकटीला धरून उभा राहतो. रोज तसाच उभा राहतो.

कागद टाकून मी धावले. दार उघडलं. तो चौकटीपासून हातभर आत होता, हात गादीवर. मी त्याची बोटं मोजली, पुन्हा मोजली, मग त्याला उचललं. त्याचं कपाळ माझ्या मानेला चटका लावत होतं.

बाहेर फोनवर वैष्णवी मॅडमचा आवाज. त्या कार्यशाळा घेत होत्या. "सर, कोण रडतंय हो?"

"नातू," सर म्हणाले. "लाडावून ठेवलाय."

सगळे हसले. कागद जमिनीवर पडलेले, त्यामुळे सरांनी तिथेच आवरतं घेतलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण सर, पाणी गेलं कुठे?"

"मुरलं."

"बरं. पुढे आर्या मॅडम."

सरांनी फोन बंद करून खिशात टाकला. "सांग, नेट गेलं."

मी गंधारला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. खुर्ची अजून गरम होती.

"वेड लागलंय काय तुला? निदान स्वयंपाकघरात जाऊन बस. पडदा दिसतोय!"

मी लॅपटॉपचा कॅमेरा लावला.

वैष्णवी मॅडम आधी गंधारकडे, मग माझ्यामागच्या निळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. "अय्या, हा तर बेहेरे सरांचा नातू! सर तुमचे सासरे का?"

लॅपटॉपच्या मागे उभे राहून सर जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण. ओठांनीही तेच. त्या एका 'हो'त त्यांची बढती होती. माझे तास त्यात नव्हते.

"नाही मॅडम. ते आमचे विभागप्रमुख. हा माझा मुलगा, आणि हे घर माझं."

लॅपटॉपवरचे सगळे चेहरे एकदम पुढे झुकले. कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "सर मग रोज हजर होते ते..."

"सगळं सांगते. माझ्यासकट सांगते. पण आधी माझी दहा मिनिटं द्या."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, "घ्या."

मी ओला जांभा दोन्ही हातांनी उचलला. "मघाशी यावर ओतलेलं पाणी मुरलं, असं सर म्हणाले. खाली बघा." परातीत पाणी साचलं होतं. गंधारने त्यावर थाप मारली आणि शिंतोडे लॅपटॉपवर उडाले.

"तुला कॉलेजात पाय कसा ठेवायला मिळतो तेच बघतो," सर म्हणाले. मोठ्यानेच म्हणाले. माझा माइक चालू होता.

चपला घालून ते दारापर्यंत गेले, तिथून परत फिरले, माझ्या खुर्चीमागून वाकून टीपॉयवरची आंब्यांची पिशवी उचलली आणि निघून गेले. तेही सगळ्यांना दिसलं असणार.

"तर," मी म्हणाले, "हे पाणी जातं कुठे?"