बोटीचा पांढरा पट्टा

बंदराच्या कचेरीसाठी रंगीत काचांची खिडकी करायचं काम आलं, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं ज्यांनी ओळख दाखवली नव्हती, त्या बोटमालकांचा मुलगा आपण होऊन दारात आला आणि मावशी, मावशी करू लागला. एवढी साखर कशाला पेरतोय, बाईंना कळेना. खिडकीत सगळं गाव हवं, म्हणाला. धक्का, दीपस्तंभ, उतारावरची घरं, आणि मधोमध त्यांची जुनी बोट. बोटीचा फोटोही त्यानेच आणला होता.

त्या बोटीवर बाईंचे यजमान कप्तान होते. फोटो काढला त्याच दुपारी बोट यजमानांसकट बुडाली. कप्तानाने खडकावर घातली, असं मालकांनी सांगितलं आणि गावाने मान डोलावली.

बाईंनी कागदावर पूर्ण आकाराचं चित्र काढून मालकांकडे पाठवलं. दुसऱ्याच दिवशी मुलगा धापा टाकत हजर. वडील म्हणतात बोट इंचभर वर घ्या, शोभून दिसेल. आणि फोटो आजच परत द्या.

फोटो कुठे ठेवलाय आठवत नाही, असं सांगून बाईंनी त्याला वाटेला लावलं. मग भिंग घेऊन बसल्या. त्या बोटीला पांढरा पट्टा होता. माल भरल्यावर पट्टा पाण्याच्या वर दिसलाच पाहिजे, हे शेंबडं पोरही सांगेल. फोटोत पट्टा कुठेच नव्हता. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच, जादा मालाच्या ओझ्याने, तो पाण्याखाली गेला होता.

काचा शिशाने जोडायचं झाळकाम करणारे धाकटे दीर घाबरले. "वहिनी, काम हातचं जाईल."

"जाऊ दे. तुमच्या दादांवरचा आळ काय कमी जड आहे?"

पाण्यासाठी बाईंनी फिकट हिरवी काच निवडली, तिच्यावर पट्टा रंगवला आणि भट्टीत भाजून काढली. भाजलेला रंग नखाने खरवडून निघत नाही.

खिडकी बसली त्या सकाळी म्हातारे मालक काठी टेकत आले. त्यांनी घरं बघितली नाहीत, दीपस्तंभ बघितला नाही. नजर थेट पाण्यावर.

"फोटो कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

मागे दोन जुने खलाशी उभे होते. ते काचेजवळ सरकले. पट्टा पाण्याखाली बघून त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. थोरल्याने टोपी काढली, मालकांकडे पाठ केली आणि बाईंसमोर आला.

"वहिनी," तो म्हणाला, "आमचं चुकलं."